ओळीत ठेवलेले बूट

ओळ कशी लावायची हे मला कोणी शिकवू नये. आदिलाबादेजवळ, नार्नूरकडच्या एका गावात, मराठी शाळेवर, एकतीस वर्षं मास्तरकी केली. बाप अन् मग त्याचा पोरगा, अशा दोन पिढ्या माझ्यासमोर हात लांब करून अंतर घेत उभ्या राहिल्या. मी "सावधान" म्हटलं की रस्त्यावरचे बैलसुद्धा थांबतात, असं आमची बायको चारचौघांत सांगायची. तिच्या बोलण्यात खरं किती अन् चेष्टा किती, हे मला उभ्या जन्मात कळलं नाही. असा मी माणूस, अन् माझ्याच हातून एका ओळीत जे झालं ते कैक वर्षं मी कोणाला सांगितलं नाही.

सात वर्षं झाली त्याला. लेक अमेरिकेत. त्याच्या दोन वर्षं आधी तिचं पहिलं बाळंतपण तिकडंच व्हायचं होतं, पण नवव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. आम्ही इथं, हातात नुसता फोन. तिची आई फोन कानाला लावून ओसरीवर बसलेली, अन् तिकडून लेक एवढंच बोलली, "आई, तू असती तर." दुसऱ्या दिवशी सकाळी भाकर थापता थापता बायको मला म्हणाली, "माह्या पासपोर्टाचा अर्ज भरा." तोवर ही बाई एकटी नार्नूरच्या बाजाराच्या पुढं कधी गेली नव्हती.

दोन वर्षांनी लेकीला पुन्हा दिवस गेले. या वेळी ऑपरेशन करूच, असं डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं अन् तारीख दिली. हिनं फोनवर लेकीला शब्द दिला, "तुले आत नेतील तवा मी तुया उशापाशी बसून राहीन. काळजी नको करू." लेक रडली ते आम्हाला ऐकू आलं.

आम्ही त्या तारखेच्या दहा दिवस आधी पोचणार होतो. जावई भैंशाचा, बाप जिनिंगवर मुनीम, पोरगा बोलायला लोण्यासारखा मऊ. त्यानं तिकिटं काढली. हैदराबादहून लांबचं विमान, ते अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात उतरणार, तिथून दुसरं विमान लेकीच्या गावचं. दोन्हीच्या मधात दोन तास. त्या दोन तासांत काय काय करायचं ते त्यानं मला फोनवर तीनदा समजावून सांगितलं. देशात शिरताना पासपोर्टाची तपासणी पहिल्याच ठिकाणी होते, पेट्या तिथं उतरवून घ्यायच्या, पुन्हा दुसऱ्या विमानात टाकायच्या, मग दुसरं फाटक गाठायचं. शेवटी भीत भीत म्हणाला, "बाबा, आईंचे गुडघे दुखतात. व्हीलचेअर सांगून ठेवू का? त्यांची लाइन वेगळी असते, लवकर होते."

राग माझ्या नाकावर बसलेलाच असतो. "काऊन?" म्हटलं मी, "आमी काय लंगडे आहो का? ओळीत उभं राहाले आमाले लाज नाई वाटत." बायको बाजूला डिंकाचे लाडू वळत होती. उटनूरच्या जंगलातला धावड्याचा डिंक तिनं बाजारात एका गोंड बाईकडून खास मागवला होता. ती मान वर न करता म्हणाली, "गुडघे माहे अन् लाज वाटते यायले."

विमान उडालं तेव्हा तिनं डोळे मिटून त्रिशरण म्हटलं अन् लगेच झोपली. मी जागाच. आदिलाबादेत घेतलेले नवे बूट चावत होते, अन् विमानात बूट काढून बसणं बरं दिसत नाही असं मीच तिला सांगून ठेवलं होतं.

उतरलो तेच चाळीस मिनिटं उशिरा. फोन चालू केला तर जावयाचा निरोप येऊन पडलेला. लेकीचं बीपी एकदम वाढलं होतं. डॉक्टर थांबायला तयार नव्हते. आजच संध्याकाळी पाच वाजता तिला आत नेणार. "तुम्ही साडेतीनला इथं उतराल, माझा मित्र न्यायला येईल, अर्ध्या तासात दवाखान्यात पोचाल. काहीही करा, विमान चुकवू नका. पुढचं उद्या सकाळी आहे."

मी हिला वाचून दाखवलं. वाटलं, हातपाय गाळून बसेल. तिनं फक्त विचारलं, "किती वेळ आहे आपल्यापाशी?"

"एक तास वीस मिनिटं."

"चाला मंग."

तपासणीची खोली म्हणजे कापसाच्या मोंढ्याएवढी. पट्टे लावून नागमोडी केलेली ओळ, अन् त्यात चार-पाचशे माणूस. ढकलाढकली नाही, आवाज नाही. मास्तर म्हणून मला आधी बरंच वाटलं, काय शिस्त आहे बाप्पा! पण ओळ पुढं काही सरकेना. अर्धा तास गेला अन् आम्ही दुसऱ्याच वळणावर. हिचा चेहरा पांढरा पडला. पट्टा धरून एका पायावर उभी. भिंतीपाशी एक बाकडं होतं. "जाय, बस तिथं," म्हटलं. तर म्हणाली, "मले एकटीले नका सोडू. कोणी काई विचारलं तर मी काय सांगू?"

आता मी काय केलं ते समजायला आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल. युरियाची गाडी येणार असली की आमच्याकडं खताच्या दुकानासमोर पहाटेपासून ओळ लागते. माणसांची नाही, चपलांची. कोणाची चप्पल, कोणाची वीट, कोणाचं रिकामं पोतं, त्याच्यावर दगड. मालक लिंबाच्या सावलीत बिडी ओढत बसलेले. ओळ सरकली की बाजूचा माणूस तुमची चप्पल पायानं पुढं ढकलतो. तिला ओलांडून कोणी जात नाही. जाईल तर सारा बाजार त्याच्यावर तुटून पडेल. चप्पल म्हणजे माणूस. माझा तीन एकर कापूस आहे. एवढ्या वर्षांत माझ्या चपलेचा नंबर कोणी खाल्ला नाही.

तर मी बूट काढले. चावतच होते. पुढं तोंड करून, जोडीनं, नीट ओळीत ठेवले. मागं एक साडेसहा फुटी गोरा उभा होता. शाळेतलं सारं इंग्रजी गोळा करून मी त्याला सांगितलं, "धिस इज मी." त्यानं बुटांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं अन् मान हलवली. मला वाटलं, समजलं. मी हिचा हात धरून बाकड्यावर येऊन बसलो.

कसलं समजतंय! ओळ सरकली अन् तो बुटांना वळसा घालून पुढं. त्याच्या मागचीही तशीच. बूट आपले तिथंच. एकाचाही पाय पुढं आला नाही. मला असा संताप आला! एवढे शिकले-सवरलेले लोक, अन् शेजाऱ्याचा बूट इंचभर सरकवता येत नाही? मी मोज्यांवर गेलो, बूट जिथं असायला पाहिजे होते तिथं नेऊन ठेवले. पुन्हा तेच झालं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, बूट हलका पडतो, वजनाची वस्तू पाहिजे. म्हणून खांद्यावरची बॅग, तिच्यात लाडवांचा स्टीलचा डबा, ती बुटांच्या पाठीशी ठेवली. आपली आहे हे दिसावं म्हणून कडीला माझी दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, बांधली, बसच्या सीटवर खिडकीतून टाकतो तीच. मग समाधानानं येऊन हिचा गुडघा दाबत बसलो.

ती म्हणाली, "अवो, थे बॅग तिथं ठेवणं बरं नाई. थे भोंग्यातली बाई मघापासून बॅगचंच नाव घेऊन राह्यली."

"तुले इंग्रजी कवापासून समजाले लागलं?"

"इंग्रजी नाई समजत. बॅग समजते."

"गप बस," म्हटलं मी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी वर्गात दरवर्षी शिकवायचो.

दोन मिनिटं झाली नसतील. दोन वर्दीवाले आले, एकाच्या हातात कुत्रा. त्यांनी माणसं मागं हटवली. बघता बघता त्या भरल्या खोलीत मधोमध एक रिकामं मैदान झालं अन् त्या मैदानात माझे बूट, माझी बॅग अन् लाल चौकड्याची माझी दस्ती. मी उठलो अन् मोज्यांवर पळत सुटलो, "माय बॅग! माय बूट!" ओरडत. पळायला नको होतं. गुळगुळीत फरशीवर घसरलो ते थेट वर्दीवाल्याच्या पायाशी. त्यानं मला धरलं, उभं केलं अन् बाजूला नेलं. मागून बायको लंगडत लंगडत आली.

एकतीस वर्षं पोरांना स्पेलिंगं पाठ करायला लावली, पण त्या वेळी माझी अशी बोबडी वळली की माझं नावसुद्धा मला इंग्रजीत सांगता येईना. बॅग घेऊन गेले. बूटही घेऊन गेले. घड्याळात चाळीस मिनिटं राहिली होती. त्या क्षणी मला लेकीचं तोंड दिसलं, अन् हे सारं आपण केलं, आपल्या हातानं, हे कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बायको मला म्हणत होती, "आता काय करू वो आपुन?" तेवढ्यात बाजूनं रिकामी व्हीलचेअर ढकलत एक बाई चालली होती. निळा ड्रेस, केस पांढरे, आमच्याच वयाची. ती हिची साडी पाहून थांबली अन् म्हणाली, "एमैंदम्मा?" काय झालं गं बाई, म्हणून तेलुगूत विचारलं. माझ्या बायकोनं वांगी-टमाटे विकता विकता बाजारात शिकलेली तेलुगू, तिला व्याकरण नाही की काही नाही. पण त्या तेलुगूत तिनं दोन मिनिटांत सारं सांगितलं: लेक, मागचं गेलेलं बाळ, दिलेला शब्द, आजचे पाच. बूटही सांगितले. त्या बाईनं ऐकताना एकदा माझ्या मोज्यांकडं पाहिलं अन् मग ती सायबाकडं जाऊन बोलायला लागली.

ती परत आली ते अर्धी बातमी घेऊन. हिला जाता येईल. तपासणी आत्ताच करून देतील, चेअरवरून थेट दुसऱ्या विमानापर्यंत ती स्वतः नेईल, पेट्या मागून माझ्यासंगं येतील. पण मला नाही. बॅग माझी, लिहिणं-पुसणं झाल्याशिवाय सोडणार नाहीत.

"नाई," बायको म्हणाली. "तुमाले सोडून मी कशी जाऊ?"

खरं सांगतो, माझ्याही तोंडावर तेच आलं होतं. जायचं तर दोघं, असं मी सायबाला ठणकावून सांगणार होतो. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. या बाईला मी कधी दवाखान्यात एकटीला जाऊ दिलं नाही, बँकेत नाही. तिचं आधार, तिचा पासपोर्ट, सारं माझ्या खिशात. अन् आता जिथली तिला भाषा येत नाही, वाचता येत नाही, त्या देशात एकटीला विमानात बसवायचं? मी खिशातून तिचा पासपोर्ट काढला अन् तिच्या हातात दिला.

"जाय."

"मले बोलता येत नाई वो तिकडं."

"तू इकडं कायले आली? बोलाले आली का? लेकीपाशी बसाले आली ना? मंग जाय."

खिशातल्या वहीचं पान फाडून लेकीचं नाव, दवाखाना, जावयाचा फोन इंग्रजीत लिहिलं अन् सहलीला नेताना पहिलीतल्या पोरांना लावायचो तसं पिनेनं तिच्या पदराला टाचलं. "मी काय पयलीतली पोट्टी आहो का?" ती म्हणाली, पण काढलं नाही. चेअरवर बसली. "तुमी बीपीची गोळी घेजा. अन् त्या सायबासंग भांडू नका." मग ती बाई चेअर घेऊन निघाली. हिनं पासपोर्ट दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, मान ताठ, एकदाही मागं वळून पाहिलं नाही. घाबरली होती, मला माहीत होतं. त्या वेळी मला ती इतकी आवडली, की लग्नातही आवडली नसेल.

मला एका खोलीत बसवलं. फोनवर हिंदी बोलणारा दुभाषा दिला. सायबानं विचारलं, बॅग सोडून का गेलात? मी युरियापासून सुरू केलं. दुकान, पहाटेची ओळ, चपला, विटा, सारं. फोनवरच्या माणसानं सारं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "मास्टरजी, ये मैं इनको कैसे समझाऊँ?" पण समजावलं त्यानं. सायब लिहिता लिहिता थांबला, त्यानं माझ्या मोज्यांकडं पाहिलं अन् पुन्हा लिहायला लागला. माणसं वाईट नव्हती, उगाच कशाला खोटं बोलू? डबा उघडून त्यानं एक लाडू हातात धरला, वास घेतला अन् परत ठेवला. दीड-दोन तासांनी बॅग मिळाली. बूट एका प्लास्टिकच्या ट्रेमध्ये आले. दुसरं तिकीट सकाळचं मिळालं.

मग वाट पाहणं. तीन वाजले. साडेतीन. ती उतरली असेल का? बाहेर निघायला दार सापडलं असेल का? जावयाला फोन लावावा तर तो लेकीपाशी, उचलत नव्हता. चार वाजले, सव्वाचार. ती कुठं चुकली, अन् लेक पुन्हा एकटीच आत गेली, तर त्या पोरीला मी कोणत्या तोंडानं भेटू? मी फाटकापाशी एका बाकड्यावर हात जोडून बसलो होतो. आमच्यात देवाला साकडं घालत नाहीत, पण कोणाला तरी घालत होतो. साडेचार होऊन गेल्यावर फोन वाजला. निरोप होता, "आई पोचल्या. हिच्याजवळ बसल्या आहेत." अन् तासाभरानं दुसरा, "मुलगी झाली. दोघी चांगल्या." मी फोन तोंडावर धरून रडलो. शेजारच्या अनोळखी बाईनं न विचारता कागदी रुमाल पुढं केला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचलो तर लेक म्हणाली, "बाबा, काय झालं हो तिकडं?" मी तोंड उघडणार तोच बायको बोलली, "काई नाई वं. यायची बॅग तपासाले घेतली, कोनाचीबी घेतात. त्यायचीच चूक होती." अन् माझ्याकडं असं पाहिलं की मी चूप. खोटं बोलल्याबद्दल पोरांना छड्या मारलेला मी, तिथं नातीला मांडीवर घेऊन मुकाट बसलो. गावात परत आल्यावरही तिनं तेच सांगितलं. मला बरंच होतं. फक्त घरात आमचं वाजलं, माझा आवाज चढला, की ती हळूच म्हणायची, "सांगू का लेकीले?" अन् माझा आवाज खाली यायचा. सहा वर्षं हे हत्यार तिनं चालवलं. आता कोणी चालवत नाही अन् घरात माझा आवाज चढतही नाही.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. लेक आली, पंधरा दिवस राहिली. जायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघं अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मला राहावलं नाही. म्हटलं, "तुले एक सांगायचं राह्यलं. त्या दिवशी माहं विमान चुकलं ना, त्यायची चूक नोहती. माही होती. तुई माय सुद्धा माह्यामुळंच चुकली असती." अन् सारं सांगितलं. बूट, बॅग, दस्ती, काही सोडलं नाही. ती खाली मान घालून शेंगा सोलतच होती.

"मला माहीत आहे, बाबा."

"कोनं सांगितलं?"

"आईनं. त्याच दिवशी."

"अन् दवाखान्यात मलेच विचारून राह्यली होती तू, काय झालं म्हणून?"

"आईनंच विचारायला लावलं होतं. शपथ घातली होती मला. म्हणाली, थो मास्तर आहे, त्याले लय लाज वाटन. त्याले वाटू दे का तुले काईच माहीत नाई." मग तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "बाबा, मला न्यायला माणसं आली होती. मी आईचा हात सोडत नव्हते. माझे हात बर्फ झाले होते. मी एकच म्हणत होते, मागच्यासारखं झालं तर? आई धापा टाकत होती, तरी उशाशी वाकली अन् म्हणाली, 'अवं, पयले तुया बापानं काय केलं थे ऐक.' तुम्ही बूट कसे ठेवले, त्या गोऱ्याला काय म्हणाले, पोलिसाच्या पायाशी कसे घसरत गेले, सगळं तिनं हातवारे करून दाखवलं. मला हसू आवरेना. ती नर्स मशीनचे आकडे पाहायला धावत आली. मी हसत हसत आत गेले, बाबा."

मी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं अन् तिथंच अंगणात, लेकीसमोर, मोठ्यानं रडलो.